वही पुढे देताना

गणित प्राध्यापकांचं विभागीय मंडळ बंद पडतं तेव्हा कसलाही आवाज होत नाही. भांडण होत नाही, ठराव होत नाही. एका वर्षी अधिवेशन ‘तूर्तास पुढे ढकललं’ जातं. पुढच्या वर्षी यजमान महाविद्यालय मिळत नाही. सभासदांची यादी ज्यांच्या संगणकात होती ते निवृत्त झालेले असतात. खात्यावर सह्या करणाऱ्या दोघांपैकी एकांची बदली झालेली असते आणि त्यांच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. तिसऱ्या वर्षी कुणी तरी विचारतं, ‘‘यंदा अधिवेशन कुठे आहे हो?’’ आणि ते ठरवणं आपलं काम आहे असं कुणालाच वाटत नसतं.

अशी मंडळं उत्साही माणसांवर चालतात, असं आपण सहज म्हणतो. उत्साह लागतोच, त्याशिवाय दोनशे पाकिटं कोण भरणार? पण उत्साही माणूस दोन वर्षं, फार तर चार वर्षं राबतो. तो बाजूला झाल्यावर पुढच्याच्या हातात काय पडतं, यावर मंडळाचं आयुष्य ठरतं. चांगलं चाललेलं मंडळ पाहायचं असेल तर अधिवेशनातलं बीजभाषण ऐकून ते कळत नाही. मावळत्या कार्यवाहांनी नव्या कार्यवाहांना दिलेली वही पाहावी. ती वही नसेल, तर ते मंडळ एका माणसाचं आहे आणि त्या माणसाबरोबरच ते संपणार आहे.

मुळात हे मंडळ लागतं कशाला? कारण महाविद्यालयातला गणिताचा विभाग बहुतेक ठिकाणी लहान असतो. दोन किंवा तीन माणसं, कधी एकच. विद्यापीठाच्या विभागात बीजगणितवाल्याला शेजारच्या खोलीत दुसरा बीजगणितवाला भेटतो. लहान महाविद्यालयात कलन, सांख्यिकी, रेषीय बीजगणित, वाणिज्य शाखेचं गणित हे सगळं त्याच दोघांच्या वाट्याला येतं. एखादा पाठ का जमला नाही, हे विचारायला आजूबाजूला कुणी नसतं.

ही उणीव जुनीच आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी ‘ॲनालिटिक क्लब’ सुरू केला तेव्हा सुरुवातीचे सभासद २० होते. गणिताची परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं एकट्याला परवडत नव्हती. सर्वांनी वर्गणी काढायची, नियतकालिकं मागवायची आणि टपालानं एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायची, अशी ती साधी व्यवस्था. ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. याच क्लबची पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली आणि १९११ मध्ये तिच्याच नियतकालिकात रामानुजनचा पहिला शोधनिबंध छापून आला. सुरुवात मात्र पुस्तकं फिरवण्यापासून झाली होती. एकट्याला न पेलणारी गोष्ट वाटून घ्यायची, हे अशा प्रत्येक मंडळाचं मूळ काम आहे.

आज नियतकालिकं पडद्यावर मिळतात. वाटून घ्यायची गोष्ट बदलली आहे. आता दुर्मीळ आहे तो आपल्यासारखाच वर्ग, आपल्यासारखाच अभ्यासक्रम आणि आपल्यासारखेच विद्यार्थी असलेला दुसरा शिक्षक.

उदाहरणादाखल सीमेची व्याख्या घ्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एप्सिलॉन (फलाची किंमत सीमेच्या किती जवळ हवी ते अंतर) आणि डेल्टा (त्यासाठी क्ष किती जवळ ठेवायचा ते अंतर) यांचा क्रम उमगत नाही. आधी डेल्टा ठरवायचा आणि मग एप्सिलॉन काय येतो ते पाहायचं, असं त्याला वाटतं. एखाद्या विभागात हा पाठ दोघांच्या खेळासारखा शिकवतात. एकानं एप्सिलॉन सांगायचा, दुसऱ्यानं त्याला पुरणारा डेल्टा काढून दाखवायचा. क्ष ची किंमत २ जवळ असताना ३क्ष + १ हे फल ७ जवळ जातं. पहिला म्हणतो ०.३, दुसरा म्हणतो ०.१. पहिला म्हणतो ०.०३, दुसरा म्हणतो ०.०१. चार डावांत मुलांच्या लक्षात येतं की दुसऱ्याला तिसऱ्या हिश्श्याचा नियमच सापडला आहे. मग क्ष चा वर्ग घ्यायचा. तिथे दुसरा अडखळतो, कारण क्ष चा वर्ग वजा ४ म्हणजे (क्ष − २) गुणिले (क्ष + २), आणि त्यातला क्ष + २ हा गुणक हलता आहे. डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं आधी कबूल केलं की हा गुणक ५ च्या आत राहतो, आणि मग १ व एप्सिलॉनचा पाचवा भाग यांतली लहान संख्या घेतली की काम होतं. पुस्तकात हा १ आकाशातून पडल्यासारखा येतो. खेळात मात्र तो दुसऱ्या खेळाडूला गरज पडते म्हणून येतो. ही युक्ती एका शिक्षकाकडून चाळीस शिक्षकांकडे जायला दहा मिनिटं लागतात. पण ती दहा मिनिटं कुणी तरी आखून द्यावी लागतात. मंडळ हवं ते त्यासाठी.

इथेच एक घसरण होते आणि ती ओळखणं अवघड असतं. अधिवेशनात शोधनिबंध वाचणं प्रतिष्ठेचं वाटतं, शिकवण्याबद्दल बोलणं किरकोळ वाटतं. हळूहळू कार्यक्रमपत्रिका संशोधनानं भरते आणि ज्यांच्यासाठी मंडळ काढलं ते शिक्षक मागच्या रांगेत बसून घड्याळ पाहू लागतात. एडिनबरो मॅथेमॅटिकल सोसायटी १८८३ मध्ये सुरू करणाऱ्यांत शाळांमधले शिक्षक पुढे होते. काळाच्या ओघात ती विद्यापीठातल्या संशोधकांची संस्था झाली. अमेरिकेत उलट दिशेनं उत्तर शोधलं गेलं. बेंजामिन फिंकल यांनी १८९४ मध्ये काढलेलं ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ हे शिक्षकांच्या उपयोगाचं मासिक चालवायला तिथल्या संशोधकांच्या सोसायटीनं नकार दिला, तेव्हा त्या मासिकासाठी डिसेंबर १९१५ मध्ये महाविद्यालयीन गणितासाठी वेगळी संघटनाच उभी राहिली, मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका. तिच्या आज २९ विभागीय शाखा आहेत. दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना तीही दूरची वाटली म्हणून १९७४ मध्ये त्यांनी आपली आणखी एक संघटना काढली. शिक्षकांना आपलं घर पुन्हा पुन्हा नव्यानं बांधावं लागलेलं आहे. संशोधन नको असं अजिबात नाही. पण निम्मी व्याख्यानं तरी वर्गातल्या गणिताची असावीत, असं कार्यक्रम समितीनं लिहून ठेवावं आणि दरवर्षी मोजावं. मोजलं नाही की तीन वर्षांत प्रमाण बदलतं.

आता यादीकडे वळू. सभासदांची यादी हा मंडळाचा खरा ठेवा आहे. पैसे गेले तर पुन्हा जमतात, यादी गेली तर मंडळ गेलं. यादीत महाविद्यालयानं दिलेला ईमेल पत्ता एकटाच ठेवू नये. शिक्षक महाविद्यालय बदलतो तेव्हा तो पत्ता बंद होतो आणि नेमकं नव्या ठिकाणी एकटं पडल्यावर त्याला मंडळाची गरज असते. स्वतःचा पत्ता, फोन, सभासद झाल्याचं वर्ष, वर्गणी कुठपर्यंत भरली आहे, कोणते विषय शिकवतात, एवढे रकाने पुरे. शेवटचा रकाना बरेच जण गाळतात. तो असेल तर ‘संख्याशास्त्र नव्यानं शिकवायला घेतलेले कोण कोण?’ या प्रश्नाचं उत्तर एका मिनिटात मिळतं. करारावर आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना यादीत आवर्जून घ्यावं. त्यांना कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तर सगळ्यात आधी तेच येतात.

वर्गणी न भरणाऱ्यांत दोन जाती असतात, विसरलेले आणि सोडून गेलेले. पहिल्यांची संख्या पुष्कळ मोठी. तीन स्मरणपत्रं पाठवावीत. मुदतीच्या महिनाभर आधी एक, मुदत संपताना दुसरं आणि दोन महिन्यांनी तिसरं. तिसरं छापील नको. ओळखीच्या माणसानं फोन करावा. कित्येक मंडळं अधिवेशनाच्या नोंदणीतच वर्षाची वर्गणी घेऊन टाकतात. वसुलीला ते सोपं जातं, पण मग सभासदसंख्या अधिवेशनाच्या जागेवर हेलकावे खाते. अधिवेशन मध्यवर्ती गावात असलं की यादी फुगते, कोपऱ्यात गेलं की निम्मी होते, आणि न आलेल्यांना वर्षभर कुणी पत्रही पाठवत नाही. वर्गणी वेगळी आणि नोंदणी वेगळी ठेवावी. सभासदाला नोंदणीत सवलत द्यावी, एवढाच दोन्हींचा संबंध.

आजीव सभासदत्वाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण यात मंडळं फसतात. एकदाच मोठी रक्कम घ्यायची आणि जन्मभर सभासद ठेवायचं, ही योजना पहिल्या वर्षी फार गोड वाटते. ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात गेली तर पुढची तीस वर्षं त्या सभासदाला पत्रं पाठवायची, अंक पाठवायचा आणि त्याच्याकडून काही यायचं नाही. ही रक्कम वेगळ्या ठेवीत टाकावी आणि फक्त व्याज वापरावं, असं घटनेतच लिहिलेलं असावं. दुसरी अडचण गणपूर्तीची. समजा घटनेत लिहिलं आहे की सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांचा दहावा हिस्सा हजर हवा. सभासद ४००, त्यांतले २५० आजीव, आणि त्यांतले कितीतरी निवृत्त किंवा परगावी. चाळीस माणसं मिळवायची ती उरलेल्या दीडशेतून. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी भरवायची, ही पळवाट घटनेत असते म्हणून काम निभावतं. पण घटनादुरुस्तीसारख्या ठरावाला बहुधा ती चालत नाही. मग गणपूर्तीचा नियम बदलण्यासाठी बोलावलेली सभाच गणपूर्तीअभावी होत नाही. यावर उपाय आधीच करायचा असतो. गणपूर्ती टक्क्यांत न लिहिता ठरावीक संख्येत लिहावी, किंवा ‘गेल्या तीन वर्षांत एकदा तरी पत्राला उत्तर दिलेले सभासद’ एवढ्यांतूनच ती मोजावी.

पैशाचा हिशेब गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको असं वाटेल. तरी अधिवेशनाचं अंदाजपत्रक चुकतं, आणि नेहमी एकाच जागी चुकतं. सोपे आकडे घेऊ. नोंदणी शुल्क १००. जेवणखाण आणि साहित्य मिळून माणशी ६५. म्हणजे प्रत्येक नोंदणीमागे ३५ उरतात. सभागृह, पाहुण्यांचा प्रवास, छपाई असा स्थिर खर्च ४२०० धरला, तर तोंडमिळवणीला १२० माणसं हवीत. इथवर सगळे बरोबर असतात. मग कुणी तरी सुचवतं, लवकर नोंदणी करणाऱ्यांना १५ ची सवलत देऊ. निम्म्या लोकांनी ती घेतली तर सरासरी उरणारी रक्कम २७.५ होते आणि १२० चे १५३ होतात. वक्ते आणि स्वयंसेवक मिळून १० जणांना शुल्क माफ केलं तर त्यांचे ६५० स्थिर खर्चात मिळवायचे आणि आकडा १७७ वर जातो. मूळ शुल्क कुणी कमी केलेलं नाही, खर्च कुणी वाढवलेला नाही, आणि तरी सत्तावन्न माणसं जास्त हवीत. दोन्ही निर्णय चांगल्या भावनेनं घेतलेले असतात आणि वेगवेगळ्या बैठकांत घेतलेले असतात, म्हणून त्यांचा एकत्र परिणाम खजिनदारांना अधिवेशन संपल्यावर दिसतो. सवलत जरूर द्यावी, विद्यार्थी आणि नव्या शिक्षकांना तर नक्कीच. फक्त ती ठरवताना हा भागाकार फळ्यावर मांडावा. शिवाय एका अधिवेशनाच्या स्थिर खर्चाइतकी गंगाजळी कायम शिल्लक असावी. एखाद्या वर्षी पुरामुळे किंवा परीक्षा पुढे गेल्यामुळे अधिवेशन रद्द झालं तर मंडळ त्यावर तगतं.

परीक्षेचं नाव निघालंच आहे. तारीख ठरवताना प्राध्यापकाला किती रजा लागेल, हा पहिला प्रश्न असावा. पहिल्या दिवशी दुपारी सुरू होऊन दुसऱ्या, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी संपणारं अधिवेशन असेल तर कामाचा अर्धाच दिवस जातो. विभागातल्या महाविद्यालयांची परीक्षांची आणि पेपर तपासणीची वेळापत्रकं आधी मागवावीत. वर्षभर आधी तारीख जाहीर करावी. निबंधाचा दीडशे शब्दांचा सारांश दहा आठवडे आधी मागवावा, आठ आठवडे आधी स्वीकाराचं पत्र पाठवावं. हे पत्र म्हणजे शिष्टाचार नव्हे. त्यावर तारखा, वेळ आणि व्याख्यानाचा विषय स्पष्ट नसेल तर प्राचार्यांकडून कर्तव्य रजा मंजूर होत नाही आणि वक्ता ऐन वेळी येत नाही. ऐन वेळी न येणाऱ्या वक्त्यांवर आयोजक चिडतात. त्यांनी आधी आपलं पत्र कधी गेलं ते पाहावं.

यजमान महाविद्यालयात एक उत्साही प्राध्यापक मिळाला की काम झालं असं समजू नये. तीन माणसं लागतात. गणित विभागातलं एक, कार्यालयातलं एक आणि किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते एक. तिसऱ्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत आभारात हमखास गळतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेआठला तीन सभागृहं उघडायची असतात ती त्यांनीच. त्यांचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा.

व्याख्यानांच्या वेळा आखणं ही एक कला आहे. वीस मिनिटांचा एक खंड धरावा. पंधरा मिनिटं बोलायला, तीन प्रश्नांना आणि दोन एका सभागृहातून दुसऱ्यात जायला. ही शेवटची दोन मिनिटं पत्रिकेत दाखवली नाहीत तर पहिल्या तासातच सगळं पुढे सरकतं. तीन सभागृहं, प्रत्येकात दिवसभरात तीन सत्रं आणि प्रत्येक सत्रात चार व्याख्यानं धरली तर ३६ जणांना बोलायला मिळतं. विभागीय अधिवेशनाला ते भरपूर आहे. तिन्ही ठिकाणी घड्याळ एकच असावं. आणि एक नियम काटेकोर पाळावा. वक्ता आला नाही तर पुढचं व्याख्यान अलीकडे ओढायचं नाही, ती वीस मिनिटं मोकळी सोडायची. सत्राध्यक्षांना रिकामं बसणं जड जातं आणि ते पुढच्याला बोलावतात. मग दहा वाजून चाळीस मिनिटांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या सभागृहातून धावत आलेल्या माणसाला दारातच आभारप्रदर्शन ऐकू येतं. सत्राध्यक्षांच्या हातात ‘५ मिनिटं’, ‘२ मिनिटं’ आणि ‘वेळ संपली’ असे मोठ्या अक्षरांतले तीन कागद द्यावेत. तोंडी सांगायला संकोच वाटतो, कागद दाखवायला वाटत नाही.

सादरीकरणाच्या फायली आदल्या रात्रीपर्यंत पीडीएफ स्वरूपात मागवाव्यात आणि प्रत्येक सभागृहात एकाच संगणकावर टाकाव्यात. गणिताच्या व्याख्यानात हे जास्त महत्त्वाचं, कारण सूत्रांचे फाँट दुसऱ्या संगणकावर नसले की संकलनचिन्हाच्या जागी चौकोन उमटतात, आणि चौकोनांचं संकलन कुणालाच समजत नाही. प्रोजेक्टरच्या जोडणीचे दोन्ही प्रकारचे अडॅप्टर जवळ असावेत. आणि फळा हवाच. आदल्या दिवशी तो ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा, खडू नवे ठेवावेत, आणि शेवटच्या रांगेतून खालची एक फूट जागा दिसते का ते स्वतः बसून पाहावं. दिसत नसेल तर तिथे खडूची एक आडवी रेघ ओढावी. वक्ता त्या रेघेखाली लिहीत नाही.

विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेनं मंडळाचं नाव पसरतं आणि वाददेखील तिच्यातच होतात. बहुतेक वाद प्रश्नाच्या शब्दांतून येतात. समजा प्रश्न असा आहे, की तीन नैसर्गिक संख्यांची बेरीज १० येते अशी क्रमित त्रिकुटं किती? ज्या महाविद्यालयात नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात तिथला विद्यार्थी ३६ उत्तर काढतो. जिथल्या पुस्तकात शून्य धरलेलं असतं तिथला ६६ काढतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बक्षीस समारंभ तासाभरावर आलेला. ‘धन पूर्णांक’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर हे टळलं असतं. म्हणून प्रश्नपत्रिका समितीबाहेरच्या, दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका शिक्षकाला आधी सोडवायला द्यावी. उत्तरं जुळतात का एवढंच न पाहता कोणत्या शब्दाशी ते थबकले, हे विचारावं. उत्तरपत्रिकांवर नाव आणि महाविद्यालय नको, फक्त क्रमांक हवा. प्रत्येक प्रश्न दोघांनी स्वतंत्र तपासावा. बरोबरी झाली तर कोणत्या प्रश्नाचे गुण निर्णायक ठरतील, ते परीक्षेआधी प्रश्नपत्रिकेवरच छापावं. नंतर ठरवलं तर कितीही प्रामाणिकपणे ठरवलं तरी कुणाला तरी शंका येतेच.

मंडळाच्या पत्रिकेत प्रश्न आणि उत्तरांचा स्तंभ जरूर असावा, दोन पानांची पत्रिका असली तरी. अनंत वर्गमुळं एकात एक गुंतलेला तो प्रसिद्ध प्रश्न, ज्याचं उत्तर नेमकं ३ येतं, रामानुजननं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांपुढे टाकला होता. असा स्तंभ चालवायचा तर संपादकाकडे पुढच्या तीन अंकांचे प्रश्न हाताशी असावे लागतात, आणि उत्तर पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापावं लागतं, अपुरं उत्तर असलं तरी. दूरच्या गावातल्या शिक्षकाचा मंडळाशी वर्षभराचा संबंध कित्येकदा तेवढ्या एका ओळीवर टिकून असतो.

नवे शिक्षक येतात कसे आणि टिकतात कसे, यावर सगळ्यांत जास्त जीव लावायला हवा. पहिल्या अधिवेशनाला आलेला तरुण प्राध्यापक जेवणाच्या वेळी ताट घेऊन भिंतीशी उभा राहतो. जुने लोक आपापल्या घोळक्यात असतात. वर्षभरानं भेटलेले असतात, त्यांचा दोष नाही. पण तो भिंतीशी उभा राहिलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. नोंदणीच्या वेळी ‘पहिल्यांदाच’ असं कुणी लिहिलं की त्याच्याबरोबर जेवायला एका जुन्या सभासदाचं नाव ठरवून टाकावं. तोच विषय शिकवणारा आणि शक्यतो जवळच्या गावातला. शिवाय पहिल्या पाच वर्षांतल्या शिक्षकांसाठी एक तासाचं वेगळं सत्र ठेवावं. त्यात भाषण नको. प्रत्येकानं एक न जमलेला पाठ सांगायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. जमलेल्या पाठांच्या व्याख्यानांपेक्षा या सत्रात कितीतरी जास्त गणित आणि कितीतरी जास्त शिकवणं निघतं.

पुढची कार्यकारिणी याच लोकांतून यायची असते. सर्वसाधारण सभेत ‘‘कुणी इच्छुक आहे का?’’ असं विचारलं की सगळे खाली पाहतात. मग कुणाचं तरी नाव कुणी तरी पुकारतं, टाळ्या वाजतात आणि बिनविरोध निवड होते. अशी निवडलेली व्यक्ती वर्षभर संकोचानं काम करते. नामनिर्देशन समितीनं चार महिने आधी एकेकाला एकट्यात गाठून विचारावं. काम नेमकं काय आहे ते तासांत सांगावं. आठवड्याला दोन तास, अधिवेशनाआधीचे सहा आठवडे रोज एक तास, आणि हिशेब तपासणीच्या वेळी दोन पूर्ण दिवस. माणसं कामाला नाही म्हणत नाहीत, अंदाज नसलेल्या कामाला म्हणतात. ‘‘फार काही काम नसतं हो,’’ असं सांगून कुणालाही पदावर आणू नये.

नऊ जणांची कार्यकारिणी असेल तर दरवर्षी तिघंच बदलावेत. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून तिघांना एक, तिघांना दोन आणि तिघांना तीन वर्षांची मुदत द्यावी, म्हणजे पुढे चक्र आपोआप फिरतं. अध्यक्ष एक वर्ष नियोजित, एक वर्ष कार्यरत आणि एक वर्ष माजी म्हणून समितीत असावेत. कार्यवाह आणि खजिनदार एकाच वर्षी कधीही जाऊ नयेत. मंडळ कोलमडतं ते या एकाच कारणानं.

आणि ती वही. तिच्यात उद्घाटनाच्या भाषणांची कात्रणं नकोत. कोणत्या तारखेला कोणतं पत्र गेलं, किती जेवणं सांगितली आणि किती लागली, कोणत्या सभागृहात आवाज घुमतो, प्रमाणपत्रांवर कुणाचं नाव चुकलं आणि का चुकलं, हे त्यात हवं. चुकलेलं लिहिताना माणसाचं नाव न घालता कारण लिहावं, म्हणजे पुढचे लोकही मोकळेपणानं लिहितात. ईमेल खातं मंडळाच्या नावाचं असावं, कार्यवाहांचं खाजगी नको. त्याची चावी दोघांकडे असावी. अधिवेशन संपल्यावर आठवडाभरात लिहिलेली पानं खरी असतात. महिन्यानं लिहायला बसलं की सगळं छान झालं असंच आठवतं.

सर्वसाधारण सभा संपली की त्याच संध्याकाळी, माणसं गावाला निघण्याआधी, जुने आणि नवे पदाधिकारी अर्धा तास एकत्र बसावेत. बँकेसाठीचा ठराव तिथेच इतिवृत्तात लिहावा. सह्या कुणाच्या बदलल्या, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील हे वाक्य, आणि नव्या सहीदारांची नावं त्यांच्या ओळखपत्रावर आहेत तशीच्या तशी, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट. आद्याक्षरं लिहिली तर कागद परत येतो आणि दोन महिने खातं अडकतं. सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या समोरच घ्याव्यात, ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्यांच्या सह्या पुढच्या अधिवेशनालाच मिळतात. पावती पुस्तकातल्या कोऱ्या पावत्या मोजून आकडा लिहावा. आणि पुढच्या अधिवेशनाची तारीख, वार आणि यजमान महाविद्यालयाचं नाव मुख्य सभागृहाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते पुसू नये.